ॲप्रेंटिसला लागताना: करारापासून सर्टिफिकेटपर्यंत

आयटीआयचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो, आता पुढे काय. शेजारचा कुणी सांगतो, "अमक्या कंपनीत पोरं भरतायत, ॲप्रेंटिसला लागून जा." दुसऱ्या दिवशी सकाळी सर्टिफिकेटची फाइल काखेत घेऊन मुलगा गेटवर हजर. कशावर सही केली, कुठल्या ट्रेडला नाव लागलं, करार नोंदला गेला की नाही, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. वर्ष सरतं. हातात एक अनुभवाचा दाखला पडतो आणि पुढच्या भरतीच्या वेळी कळतं की तिथे तो दाखला चालत नाही.

मी टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणारा कारागीर. याच वाटेने आलो आणि गेली बरीच वर्षं कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात नव्या बॅच घेतोय. दरवर्षी तेच प्रश्न, त्याच चुका. म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: नोंदलेला करार तुम्हाला शिकण्याचा हक्क देतो, पण शिकणं रोज मागून घ्यावं लागतं. आपोआप कुणी पदरात टाकत नाही.

पायरी 1: ही ॲप्रेंटिसशिपच आहे ना, ते आधी बघा

कारखान्यात 'ट्रेनी' हा शब्द सरसकट वापरतात. कंत्राटदाराने आणलेला मुलगाही ट्रेनी, कंपनीने सहा महिन्यांसाठी घेतलेलाही ट्रेनी. यातला शिकाऊ उमेदवार, म्हणजे ॲप्रेंटिस, फक्त तोच, ज्याचा करार शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 खाली सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे. त्या कराराला क्रमांक असतो, त्यात ट्रेडचं नाव असतं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, विद्यावेतनाचा आकडा असतो. तुम्ही विचारल्यावर कुणी "होईल ते मागाहून" म्हणालं, तर तोवर तुम्ही ॲप्रेंटिस नाही, हे पक्कं समजा.

राज्य सरकारची 2024 पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी. तिथेही दरमहा पैसे मिळतात, त्यामुळे मुलांची गल्लत होते. पण ट्रेडची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हवं असेल, तर 1961 च्या कायद्याखालचाच करार लागतो.

कंपन्या ॲप्रेंटिस घेतात ते तुमच्यावर उपकार म्हणून घेत नाहीत, हेही कळलेलं बरं. 2019 मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के, या पट्ट्यात ते घ्यायचे असतात. 4 ते 29 माणसं असतील तर घेणं ऐच्छिक. त्यामुळे एमआयडीसीतलं एखादं छोटं वर्कशॉपही कायदेशीर करार करू शकतं. ते सांगायला मुलगाच पुढे होतो असं मी दोन-तीनदा पाहिलंय, आणि मालक तयारही झाले.

डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आणि वेगळं पोर्टल आहे. इथे मी मुख्यतः आयटीआयच्या मुलामुलींबद्दल लिहितोय. दहावीनंतर आयटीआय न करता थेट ॲप्रेंटिस होता येतं, पण मग सुरुवातीला मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि एकूण मुदत लांबते. आयटीआय झालेल्याला त्या शिक्षणाची सूट मिळते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन अशा दोन वर्षांच्या ट्रेडला म्हणूनच पुढे बहुधा एका वर्षाची ॲप्रेंटिसशिप असते.

पायरी 2: कागद जुळवा

दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि मार्कशीट, आधार, बँक पासबुक, फोटो, लागत असेल तर जातीचा दाखला. यादी एवढीच. पण दहावीच्या कागदावर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं आद्याक्षर, असं असेल तर तिथेच घोडं अडतं. नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग दोन्हीकडे तंतोतंत एक करून घ्या. आधारची दुरुस्ती निकालाची वाट बघत असतानाच उरकून टाका.

दुसरं काम बँकेचं. खातं आधारला 'लिंक' असणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी आधार सीडिंग झालेलं असणं वेगळं. शाखेत जाऊन विचारा, "माझ्या या खात्यात डीबीटी येईल ना?" एकाहून जास्त खाती असतील तर कुठल्या खात्याला सीडिंग आहे तेही विचारा. जुन्या, बंद पडलेल्या खात्याला सीडिंग राहिलं म्हणून महिनोन्‌महिने पैसे अडकलेली मुलं माझ्याकडे दर बॅचला एक-दोन तरी येतात.

पायरी 3: पोर्टलवर नोंदणी

ॲप्रेंटिसशिप इंडिया या केंद्र सरकारच्या पोर्टलवर उमेदवार म्हणून नाव नोंदवायचं. पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतोय ना, ते बघूनच माहिती भरा. तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की वर्षभर प्रत्येक वेळी त्याच्या दारात जावं लागतं, आणि परीक्षेच्या वेळी नेमका तो गावाला गेलेला असतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आधार पडताळणी झाली, शिक्षण आणि ट्रेड भरला, बँक खातं जोडलं की नोंदणी क्रमांक मिळतो. मग जागा शोधायच्या, अर्ज करायचा, कंपनीचा होकार आला की करार पोर्टलवरच येतो आणि तो तुम्ही मान्य करायचा.

या कुठल्याही टप्प्यावर "करार करून देतो, इतके द्या" म्हणणारा भेटला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

पायरी 4: जागा निवडणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही निवड पुन्हा करायला मिळत नाही. एकदा ॲप्रेंटिसशिप पूर्ण केली की तीच पुन्हा करता येत नाही. भरतीच्या बहुतेक जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी शिकाऊ उमेदवारी केलेल्यांनी अर्ज करू नये. म्हणून पहिल्या आलेल्या फोनला हो म्हणायच्या आधी आठवडाभर चौकशी करा.

मुलं कंपनीच्या नावाकडे बघतात. मी सांगतो, तुमचा ट्रेड तिथे खरोखर चालतो का ते बघा. मोठ्या वाहन कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर फिटरचा ॲप्रेंटिस वर्षभर एकच नट एकाच गनने आवळत राहू शकतो. गणवेश चांगला, कॅन्टीन चांगलं, बस घ्यायला येते, पण वर्षाअखेर त्याला स्क्रेपर धरता येत नाही. उलट एखाद्या 40 माणसांच्या टूलरूममध्ये तोच मुलगा मोल्ड उघडतो, गाइड पिन बदलतो, सरफेस ग्राइंडर चालवतो. इलेक्ट्रिशियनसाठी मेंटेनन्स विभाग सोन्यासारखा. तिथे रोज नवं बिघाड-कोडं समोर येतं.

आधीच्या बॅचची दोन मुलं गाठा आणि त्यांना तीन गोष्टी विचारा. वर्षभरात किती विभाग फिरवले? मशीनवर स्वतः हात कधी लावू दिला? आणि परीक्षेला कंपनीने बसवलं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ती जागा सोडा.

सरकारी जागांचं गणित निराळं. रेल्वेत शिकाऊ उमेदवारीसाठी लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून गुणवत्ता यादी लागते आणि वयाची अट साधारण 15 ते 24 वर्षं असते. मध्य रेल्वेच्या जागा मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा गटांत निघतात. परळ आणि माटुंग्याची वर्कशॉप सगळ्यांना माहीत असतात, पण मनमाड, नाशिक रोड आणि कुर्डुवाडीही त्यात आहेत, आणि गावाजवळची जागा मिळाली तर खोलीभाडं वाचतं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना तिथल्या लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या, भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. शिवाय माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, ओझरचा विमान कारखाना, अंबरनाथ, खडकी आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, एसटी महामंडळ, महावितरण हे सगळे शिकाऊ उमेदवार घेतात. माझगाव डॉकमध्ये तर दहावी आणि आठवीनंतरचेही गट असतात. जाहिराती येतात आणि मुदत पटकन संपते, म्हणून आयटीआयच्या निदेशकांच्या, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्यांच्या, संपर्कात राहा. मुलांना नोटीस आधी त्यांच्याकडूनच कळते.

पायरी 5: करार वाचा

बसून, शेवटपर्यंत वाचा. ट्रेड तुमचाच आहे का? टर्नरला 'प्रॉडक्शन असिस्टंट' किंवा असंच काही नाव लावलेलं मी पाहिलंय. कायद्यात अधिसूचित ट्रेड असतात आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला स्वतः आखता येणारे ऐच्छिक ट्रेडही आले. ऐच्छिक ट्रेड वाईट नसतात, काही फार छान आखलेले आहेत. पण ज्याने दोन वर्षं लेथवर काढली त्याने पुढची पायरी म्हणून टर्नरचाच करार घ्यावा.

तारखा बघा. सुरुवातीच्या तारखेच्या आधी एक दिवसही शॉपवर कामाला उभे राहू नका. कारण प्रशिक्षणात इजा झाली तर कायद्याच्या 16व्या कलमाप्रमाणे भरपाईची जबाबदारी मालकावर येते, पण त्यासाठी तुम्ही त्या दिवशी ॲप्रेंटिस होता हे कागदावर दिसलं पाहिजे. वय 18 पेक्षा कमी असेल तर पालकांची सही लागते. कायद्याप्रमाणे वयाची किमान अट 14 आहे आणि धोकादायक उद्योगांत 18. कराराची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि एक छापून घरी ठेवा.

पैसे, तास, रजा

2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला पहिल्या वर्षी दरमहा किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं. दहावीवाल्याला 6000, डिप्लोमाला 8000, पदवीधराला 9000. मुदत एका वर्षाहून जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के वाढ. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर 36 टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केली. म्हणून सही करताना त्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर बघा आणि करारातल्या आकड्याशी ताडून पाहा. किमान म्हणजे किमान. जास्त देणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 मध्ये सुरू झाली. तिच्यात सहभागी असलेल्या आस्थापनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार उचलतं आणि 2023 पासून तो थेट तुमच्या खात्यात येतो. म्हणजे पैसे दोन ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या तारखांना येतात. कंपनीकडून कमी रक्कम आली म्हणून भांडायला जाण्याआधी सरकारी वाटा खात्यात पडलाय का ते तपासा.

कायद्याच्या भाषेत तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात. म्हणून पीएफ आणि ईएसआय कापला जात नाही. बोनस किंवा तुकड्यावरचं काम, म्हणजे इतके पीस काढले तर इतके पैसे, हेही तुम्हाला लावता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करवून घेता येत नाही. सुट्ट्या आणि रजा त्या आस्थापनेत चालतात त्याप्रमाणे मिळतात. आणि कारखान्यांसाठीच्या कायद्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी तुम्हालाही लागू आहेत. सेफ्टी शूज मागायला लाजू नका.

पायरी 6: शॉपवरचे पहिले दिवस

आयटीआयमध्ये लेथ चालवलाय, मग नवं काय शिकायचं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या महिन्यात मला एक स्टीलचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, करायला दिला. बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 मिमी, टॉलरन्स एच 7. म्हणजे बोअर 25.000 ते 25.021 च्या आत हवा. आयटीआयमध्ये दशांश मिलिमीटरवर खूश होणारा मी, इथे सहस्रांशाचा हिशेब आला. शेवटचा कट मारला, बोअर गेज लावला, 25.008. मधोमध साइज. छाती फुगवून तो ट्रेमध्ये ठेवला. जेवून आलो तर तपासणीवाल्याने तोच बुश माझ्या टेबलावर आणून ठेवलेला. भोक तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू, जी आत जायलाच हवी, ती आत जाईना.

शेजारच्या मशीनवरचे जुने ऑपरेटर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी बुश हातात घेतला आणि विचारलं, "मोजलास तेव्हा हाताला गरम लागत होता का?" लागत होता. कट ताजा होता. पोलाद 40 अंशांनी निवलं की 25 मिलिमीटरमागे साधारण शतांश मिलिमीटर आखडतं. माझा 25.008 थंड झाल्यावर 25 च्या खाली गेला होता. ते म्हणाले, "जॉब निवू दे, मग मोज. आणि गेजही मशीनच्या डोक्यावर ठेवू नकोस, तोही तापतो."

पुस्तकात प्रसरणाचं सूत्र मी पाठ केलेलं होतं, पेपरात सोडवलंही होतं. पण ते सूत्र माझ्या हातातल्या बुशमध्ये शिरलेलं असतं हे मला त्या दुपारी कळलं. ॲप्रेंटिसशिप म्हणजे हेच. ठाऊक असलेली गोष्ट हाताला कळेपर्यंत जाणत्या माणसाशेजारी उभं राहायचं.

म्हणून पहिल्या आठवड्यात मशीनआधी माणसं ओळखा. शॉपवर एक तरी असा असतो जो विचारलं तर सांगतो. त्याच्या मशीनजवळ उभे राहा, त्याचं टूल पुसून द्या, काम चालू असताना मध्येच प्रश्न विचारू नका. चहाच्या सुट्टीत विचारा. चहा पिता पिता माणूस मोकळेपणाने बोलतो.

सुरक्षेचं मी दर बॅचला घसा सुकेपर्यंत सांगतो. चक की, म्हणजे जॉब धरणारा चक आवळायची किल्ली, चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एका सेकंदासाठीसुद्धा नाही. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. बाह्या कोपराच्या वर, गळ्यात साखळी नाही, ओढणी आणि मोकळे केस बांधलेले. चिप्स, म्हणजे धातू कापताना निघणारे धारदार तुकडे, हाताने ओढायच्या नाहीत, हुक वापरायचा. माझ्याच बॅचच्या एका मुलाचं बोट अशा एका लांब चिपने कापलं. टाके पडले, महिनाभर तो मशीनला हात लावू शकला नाही. तेव्हा हुक तिथेच, दोन पावलांवर टांगलेला होता.

पायरी 7: रोजची वही

कायद्याच्या 19व्या कलमाप्रमाणे प्रत्येक शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवायची असते. ती त्यांनी ठेवावी. तुम्ही तुमची वेगळी ठेवा. रोज अर्धं पान पुरतं. कोणता जॉब, ड्रॉइंगवरचं माप काय, आलं काय, टूल कोणतं, आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती, कुठे चुकलं. ड्रॉइंगची आकृती हाताने काढा, कारण कंपनीच्या ड्रॉइंगचा फोटो घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते.

आरपीएमचं उदाहरण देतो. माइल्ड स्टीलचा 40 मिमी व्यासाचा बार, एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं टूल, कटिंग स्पीड मिनिटाला 30 मीटर धरला. 30 ला 1000 ने गुणा, 3.14 गुणिले 40 ने भागा. 239 च्या आसपास येतं. मशीनवर जवळचा जो स्पीड असेल तो लावायचा. आता वहीत लिहा की तुम्ही कितीवर चालवलं आणि पृष्ठभाग कसा आला. असे 50 जॉब लिहिले की सूत्राकडे न बघता आवाजावरून स्पीड सांगता येतो. मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवा. मी उमेदवार घेतो तेव्हा मार्कशीटआधी ती उघडतो.

पायरी 8: नुसतं हेल्पर करून ठेवलं तर

हे घडतं. मी ज्या कारखान्यात ॲप्रेंटिस होतो तिथे पहिले दोन महिने मी कास्टिंग उचलून ट्रॉलीत टाकली आणि चिप्स झाडल्या. झाडू मारण्यात कमीपणा नाही, आपलं मशीन आपणच साफ करायचं असतं. पण तेवढंच करायला ठेवणं चूक आहे. कायद्याच्या 11व्या कलमात मालकाची जबाबदारी स्पष्ट आहे: ट्रेडचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी पात्र माणूस नेमायचा. ट्रेडशी संबंध नसलेल्या कामाला सतत जुंपल्यास दंडाची तरतूदही आहे.

मी तेव्हा गप्प बसलो. माझ्यासोबतच्या एका मुलीने नाही बसून घेतलं. ती मशिनिस्टची होती. तिने वहीतली दोन महिन्यांची पानं सुपरवायझरपुढे ठेवली आणि म्हणाली, "सर, यात मिलिंगचा एकही दिवस नाही. मला परीक्षेत मिलिंगचाच जॉब करायचाय." आवाज न चढवता. पुढच्या सोमवारी ती मिलिंगवर होती, आणि तिच्यामागून आम्हीही मशीनवर गेलो.

क्रम असा ठेवा. आधी सुपरवायझरशी तोंडी बोला. आठ दिवसांत फरक नाही पडला तर ट्रेनिंग विभागाकडे किंवा एचआरकडे लेखी द्या, तारखेसह, आणि पोच घ्या. तरीही काही हललं नाही तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात जा. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची यंत्रणा जिल्ह्यात असते आणि मोठ्या आयटीआयच्या आवारातल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे मुलं ज्याला बीटीआरआय म्हणतात तिथे, तुम्हाला योग्य टेबल दाखवतील. करारातून निघालेला वाद सोडवण्याचा अधिकार 20व्या कलमाने सल्लागाराला दिला आहे. त्यांचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत वर अपील करता येतं.

रागाच्या भरात घरी निघून येणं मात्र टाळा. करार मध्येच सोडला तर प्रशिक्षणावरचा खर्च तुमच्याकडून मागता येतो, आणि मुख्य म्हणजे वर्ष फुकट जातं. सोडायचंच असेल तर रीतसर अर्ज करून करार रद्द करवून घ्या. मालकाने अटी पाळल्या नाहीत म्हणून करार तुटला, तर भरपाई तुम्हालाही मिळू शकते.

पायरी 9: परीक्षा

मुदत संपत आली की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. लेखी भागात ट्रेडची थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन, इंजिनिअरिंग ड्रॉइंग वगैरे, आणि प्रात्यक्षिकात दिलेला जॉब ठरल्या वेळात. पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र त्याची जागा घेत नाही. ते पत्रही जपून ठेवा, पण परीक्षा चुकवू नका. शेवटच्या तीन महिन्यांत आपलं नाव परीक्षेसाठी गेलंय का, हे पोर्टलवर स्वतः बघत राहा आणि ट्रेनिंग विभागाला दर पंधरा दिवसांनी विचारा. प्रात्यक्षिकात मुलं बहुतेक वेळेअभावी अडकतात, म्हणून सरावाचा जॉब घड्याळ लावून करा.

पुढे काय

तिथेच नोकरी मिळेल याची हमी कायदा देत नाही. 22व्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवारांना घेण्याबद्दल प्रत्येक मालकाने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. ते धोरण काय आहे, हे जागा निवडतानाच विचारा. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित ॲप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. सरकारी आणि निमसरकारी भरतीत मुलं आजही या निकालाचा आधार घेतात.

शिकायचं असेल तर आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिकवायची आवड असेल तर निदेशक होण्यासाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र त्याला चालतं, आणि मुंबईतल्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो होतो. माझ्या दोन मुली त्या वाटेने गेल्या, म्हणजे माझ्या बॅचच्या. आज त्या आपापल्या आयटीआयमध्ये शिकवतात आणि दरवर्षी त्यांच्याकडून मला नवी मुलं येतात.

शेवटच्या आठवड्यात स्टोअरमधून घेतलेलं प्रत्येक टूल परत करा, मायक्रोमीटर पुसून, तेलाचा हात फिरवून, डबीत घालून. नो ड्यूजवर सही घ्या. शेवटच्या महिन्याचं विद्यावेतन कधी जमा होणार ते विचारा. पोर्टलवरून कराराची प्रत पुन्हा एकदा उतरवून घ्या. आणि ज्या काकांनी तुम्हाला जॉब निवू द्यायला शिकवलं, त्यांचा नंबर घेऊन या.